कुणालाही बसणारे डोळे

“आई, आजीच्या डोळ्यांत खिडक्या कसल्या गं?”

रविवारची सकाळ होती, पुढ्यात पोहे होते आणि मी दातात अडकलेली लिंबाची बी काढत होते. त्यामुळे नुसतं “हं” म्हणाले. लेकीच्या प्रश्नांना मी निम्म्या वेळा “हं”च म्हणते. ती चित्रकलेच्या कॉलेजात आहे, आणि तिचा प्रत्येक प्रश्न मनावर घेतला तर आमच्याकडे कुकर लागायचा नाही.

ती कोलाज करते. म्हणजे जुनी मासिकं, सेलची पत्रकं, साड्यांचे कॅटलॉग, पिझ्झाच्या खोक्यांवरची चित्रं कापायची आणि भलतं भलत्या ठिकाणी चिकटवायचं. एका चित्रात नवरीच्या ताटात जिलेबीऐवजी ओठ वाढलेत. लाल, गुलाबी, तपकिरी, आणि कडेला मिठाच्या जागी ‘एकावर एक फ्री’. दुसऱ्यात आमच्या करी रोडच्या टॉवरना कमरेपर्यंत केस फुटलेत आणि शाम्पूच्या बाटल्या गिरणीच्या चिमण्यांसारख्या धूर सोडत उभ्या आहेत. बायका आहेत, पण एकही अख्खी नाही.

मला त्यातलं किती कळतं? केर काढण्यापुरतं. सकाळी केरसुणीत नाक येतं. फ्रिजखाली कान सापडतो. मी दादरला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तिथे एकदा डबा उघडला तर पोळीला भुवई चिकटलेली. शेजारच्या बाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

“आई, बायकांना तुकड्यातुकड्यांनी विकतात,” लेक मला समजावते. “मी ते तुकडे परत आणते.”

“आण बाई,” मी म्हणते, “पण पेपर अंथरून त्यावर ठेव.”

तर खिडक्या. कपाटावर ठेवलेला माझ्या आईचा फोटो तिने खाली काढला होता आणि प्रकाशात तिरका धरून ती बघत होती. “हे बघ. बुबुळात. दोन पांढरे चौकोन दिसतात? स्टुडिओत मोठे दिवे असतात ना, त्यांचं प्रतिबिंब आहे हे. आजी असल्या स्टुडिओत कधी गेली होती?”

आईने स्टुडिओची पायरी कधी चढली नव्हती. तो फोटो माझ्या भावाच्या, दादाच्या लग्नातला. हॉलच्या बाहेर, भर उन्हात काढलेला.

“मग उन्हात हे दिवे आले कुठून?” असं म्हणून तिने गिरगावातल्या रद्दीवाल्याकडून आणलेला एक जुना कॅटलॉग उघडला. कुठल्याशा साडीच्या दुकानाचा. पानभर एक बाई, जांभळट पैठणी, ओठांवर विकत घ्या म्हणणारं हसू. लेकीने आपल्या तळहाताने तिचं नाक आणि तोंड झाकलं. वर फक्त डोळे राहिले.

माझ्या आईचे डोळे. त्याच दोन खिडक्यांसकट.

पोहे गार झाले.

आता तो फोटो कसा झाला ते सांगायला हवं. आई लालबागला मिरच्या-मसाल्याच्या दुकानात भाजायच्या कामाला जायची. बाबांची गिरणी बंद पडल्यावर घर त्या कढईवर चाललं. मिरचीच्या खाटाने तिचे डोळे कायमचे बारीक झाले होते. घरी आल्यावरही ती जगाकडे मिचमिच्या डोळ्यांनीच बघायची, जणू आम्ही सगळेच जरा जास्त तिखट आहोत. चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी त्या खळग्यांतून बोट फिरवत असे, आणि ती “गुदगुल्या होतत गे” म्हणून मान झटकत असे.

फोटोला ती सापडायची नाही. कॅमेरा निघाला की “माका नको, तुमी काढा” म्हणत ती फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. आमच्या घरच्या प्रत्येक फोटोला आई हजर होती, फक्त त्या बाजूला. दादाच्या जुन्या फोनमध्ये तिचे दोन फोटो होते. तो फोन टॅक्सीत राहिला.

चौदा वर्षांपूर्वी ती गेली. तेराव्याला भिंतीवर फोटो हवा, त्याला हार हवा. घर उलटंपालटं केलं तेव्हा तो एक लग्नातला मिळाला, तोही ऊन लागून डोळे मिटत आलेला. तो घेऊन मी परळला एका स्टुडिओत गेले. तिथल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून तो पाहिला आणि विचारलं, “व्रण ठेवायचे की काढायचे?”

मी म्हणाले, “काढा.”

दादाला फोन केला नाही, जरा थांबले नाही. तेराव्याला माझ्या सासरची माणसं येणार होती, एवढं एकच डोक्यात होतं.

“रंग थोडा उजळ करू?”

“थोडा.”

“साडी यातली कुठली?” त्यांनी कम्प्युटरवर साड्या दाखवल्या. हॉटेलात मेनूकार्ड बघावं तशा मी त्या वरून खाली बघितल्या आणि हिरव्या काठाची जांभळी निवडली. वर मोत्यांची माळही सांगितली. आईच्या गळ्यात आयुष्यात कधी मोती नव्हते. पण गेल्यावर तरी, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं असणार.

फोटो आला. आम्ही सगळे तो बघून रडलो. आलेली माणसं म्हणाली, “किती छान दिसतायत.” मला अभिमान वाटला. मीच तर सगळं निवडलं होतं.

मोठा फोटो दादाच्या हॉलमध्ये लागला, लहान माझ्याकडे आला. आणि काही महिन्यांत माझ्या लक्षात आलं की ती बाई मला ओळखत नाही. दादाकडे गेले की मी कुठेही बसले तरी ती माझ्याकडे बघायची. पण कशी, तर लग्नाच्या हॉलमध्ये चुकून दुसऱ्या पार्टीच्या दारात गेलो की तिथल्या यजमानीणबाई बघतात तशी. प्रेमळ. हसरी. आणि ‘तुम्ही कोणाकडच्या?’ असं विचारणारी. मी जागा बदलायचे. पाणी प्यायला उठायचे. एवढी शिकलेली बाई, सोफ्यावर सरकून सरकून शेवटी शू-रॅकपाशी जाऊन बसायचे.

मग एकदा लालबागलाच एका घरी भेटायला गेले होते. त्यांच्या आजी गेल्या होत्या. भिंतीवर नवा फोटो, आणि त्यात हिरव्या काठाची जांभळी साडी. तीच मोत्यांची माळ. डाव्या खांद्यावर पदराची तीच एक घडी, जी थोडी उलटी पडली होती. वर चेहरा वेगळा. माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? आईची साडी यांच्याकडे कशी गेली! दीड वर्षानंतर परळला तेच झालं. त्यानंतर मी भेटायला गेले की मान खाली घालून चहा प्यायचे. लोकांना वाटायचं, फार मनाला लावून घेतलंय.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. साड्यांचं एवढं काय, असं म्हणून सोडून दिलं होतं. पण डोळे?

त्या रविवारी लेक आंघोळीला गेल्यावर मी लहान फोटो हातात घेतला, त्या डोळ्यांवर अंगठा ठेवला आणि मनातल्या मनात तिथे आईचे खरे डोळे बसवायला गेले. बसेनात. ‘मिचमिचे’ हा शब्द आठवत होता. ‘बारीक’ हा शब्द आठवत होता. डोळे आठवत नव्हते. त्यांचा रंग कसा होता? पापण्या दाट होत्या की विरळ? ती रागावली की कुठला डोळा आधी बारीक व्हायचा? चौदा वर्षं मी रोज त्या कॅटलॉगमधल्या बाईला बघत होते, आणि तिने हळूहळू माझ्या आतला फोटोही बदलून टाकला होता. अंगठा उचलला की ती तिथे असायचीच, टवटवीत, खिडक्या लावून.

मला मूळ फोटो हवा होता. मिटत आलेले का होईनात, तिचे डोळे.

दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघी परळला गेलो. स्टुडिओ आहे अजून. आता पासपोर्ट फोटो आणि चहाच्या मगांवर नवराबायकोचे चेहरे छापून मिळतात. गृहस्थ थकलेत. चष्मा तसाच कपाळावर. मी लहान फोटो पुढे ठेवला. त्यांनी मला ओळखलं नाही, पण साडी लगेच ओळखली.

“हे डोळे कुणाचे?” मी विचारलं.

ते जराही दचकले नाहीत. “मिटलेले असणार ना? मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर लावत नाहीत, ताई. घरातले घाबरतात.”

“उघड्यांनाही घाबरतात,” मी म्हणाले.

ते हसले. मला वाटलं होतं भांडण होईल, मी तयारीने गेले होते. पण त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि कम्प्युटर आमच्याकडे वळवला. त्यात कप्पे होते. ‘बायका सहावारी’. ‘बायका नऊवारी’. ‘पुरुष कोट’. ‘पुरुष टोपी’. त्यांनी पहिला कप्पा उघडला आणि पडद्यावर ओळीने बायका उभ्या राहिल्या. नेसलेल्या, दागिने घातलेल्या, पदर सारखा केलेल्या. गळ्यापर्यंत. गळ्याच्या वर काही नाही, नुसतं निळं. तिसऱ्या ओळीत माझी जांभळी होती. वाट बघत असल्यासारखी.

लेक पुढे वाकली. “काका, हे तर कोलाज आहे!”

“नाही गं बाळ,” ते म्हणाले, “हे काम आहे.”

“आणि डोळे?”

“साडीवाल्याचा कॅटलॉग होता, त्यातून घेतले. चांगले होते. शांत. कुणालाही बसतात.”

“किती जणींना बसवलेत?” मी विचारलं. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

“कोण मोजतंय?” मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “ताई, लोक इथे याच स्टुलावर बसून रडायचे. हीच आमची आई, म्हणायचे. तुम्हीपण म्हणाला असाल.”

म्हणाले होते.

मूळ फोटोचं विचारलं. तेव्हाचा कम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता, साड्यांचे कप्पे तेवढे त्यांनी नव्यात घेतले होते. “आणि तुमचा तुकडा मी पाकिटात घालून परत दिला असणार. कापून आणलेलं मी ठेवत नाही.”

“कापून?”

“सगळे कापूनच आणतात. कात्रीने, वेडंवाकडं.”

तेव्हा मला आठवलं. तो फोटो अख्ख्या कुटुंबाचा होता. आणि वहिनी, म्हणजे दादाची बायको, म्हणाली होती की असल्या कामाला जिवंत माणसांचा फोटो द्यायचा नसतो. गेलेल्या माणसाबरोबर बाकीच्यांना कशाला पाठवायचं? मला ते पटलं होतं. त्यात माझाही फोटो होता ना! मग मी स्वयंपाकघरातली दुधाच्या पिशव्या कापायची बोथट कात्री घेतली आणि आईला आमच्यातून कापून काढलं.

जिना उतरताना लेकीने माझ्या हातातला लहान फोटो घेऊन आपल्या पिशवीत ठेवला.

तशाच लालबागला दादाकडे गेलो. जिथे आमची चाळ होती तिथेच आता सतराव्या मजल्यावर दादा राहतो. वहिनीने दार उघडलं, दादा टीव्हीसमोर होता, आणि वर ती बाई, चंदनाच्या हारात. मी सगळं सांगितलं. दादा टीव्ही बंद करायचा विसरला. वहिनीला मात्र वेगळाच मुद्दा सापडला.

“म्हणजे ही बाई जिवंत असेल?”

“असेल की. माझ्याएवढी असेल.”

“अगं बाई! आणि चौदा वर्षं आपण हिला हार घालतोय?” तिने स्टूल ओढलंच. “जिवंत माणसाला हार? तिच्या घरी काय काय झालं असेल देव जाणे!”

“अगं, पण आई तर गेलीय ना,” दादा म्हणाला. “तिला नको हार?”

“मग खाली सरकवू. डोळ्यांपासून लांब.”

“आणि जांभळी साडी? ती कुणाची आहे विचार आधी.”

“अहो, तुम्हाला थट्टा सुचते. तरी म्हटलं, दरवर्षी कावळा यायला उशीर का करतो! नैवेद्य कुणाच्या नावाचा आणि बघतंय कोण!” असं म्हणत तिने हार काढला.

ते काढायला नको होतं. हार होता तोवर तो एक फोटो होता. हार गेल्यावर ती बाई दारात येऊन उभ्या राहिलेल्या पाहुणीसारखी दिसायला लागली. आता आत या म्हणायचं की काय, असं. वहिनी हार हातात घेऊन स्टुलावर तशीच थांबली. खाली उतरेना, परत घालेना.

“दादा,” मी विचारलं, “तो कापलेला तुकडा कुठेय? पाकिटातला?”

दादाने रिमोट चाचपडला, टीव्ही बंद केला. “तो तेराव्याच्या निर्माल्यात गेला. फाटका फोटो घरात ठेवत नाहीत ना. मीच सोडला, दादरच्या समुद्रात.”

“सोडताना बघितलास?”

“पाकीट बंद होतं गं.”

मग मी त्याला ते विचारलं जे मला विचारायचं नव्हतं. “तुला आठवतात आईचे डोळे?”

“आठवतात ना! न आठवायला काय,” तो म्हणाला आणि आठवायला लागला. आठवता आठवता त्याची नजर भिंतीवर गेली. तिथेच राहिली. मग त्याने ती खाली, आपल्या हातांवर आणली.

“हेच आठवतात,” तो हळूच म्हणाला.

दादा आता साठीला आलाय. पण त्या क्षणी तो पोरका दिसला.

तो उठून आत गेला. बेडखालचं खोकं ओढल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात लग्नाचा अल्बम होता. “तू कापलास, पण बाकीचा मी टाकला नाही,” तो म्हणाला. “यात आम्ही होतो ना.”

फोटो मोठा, जाड पुठ्ठ्यावरचा. मध्ये दादा-वहिनी मुंडावळ्यांसकट. बाबा. कडेला मी, पंचविशीतली, फेशियल करून आलेली, चेहऱ्यावर इतकी पावडर की मान वेगळ्या माणसाची वाटावी. आणि माझ्या शेजारी भोक. अंगठ्याएवढं, वेड्यावाकड्या कडांचं, पण डोकं, मान आणि एक उतरलेला खांदा स्पष्ट कळणारं. अल्बमचं काळं पान त्यातून दिसत होतं. इतक्या सगळ्यांत तीच एक ओळखीची वाटली.

“आई... ए आई, हे बघ,” लेकीने घाईत हाक मारली. तिचं बोट फोटोतल्या माझ्या खांद्यावर होतं. तिथे, माझ्या रेशमी ब्लाउजवर, चार बोटं होती. सावळी, जाडसर, कुणाचीच नसलेली. मी कात्री फिरवताना माझा खांदा कापला जाऊ नये म्हणून बाहेरून वळवली असणार. म्हणून ती राहिली. नखं आखूड. करंगळी जरा वाकडी. त्या बोटांना कुणी उजळ केलेलं नव्हतं.

आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, हेसुद्धा मला आठवत नव्हतं.

लेकीने फोटो अल्बममधून सोडवला. मला वाटलं, आता मागणार, कोलाजला. पण तिने एक डोळा मिटला आणि फोटो समोर धरला, भोक माझ्या दिशेने. “आई, भिंतीपाशी जा.”

“कशाला?”

“जा ना. अजून मागे. डावीकडे. मान थोडी खाली.”

मी उभी राहिले. फोटोत आई जेवढ्या वयाची होती, तेवढी मी आता आहे. समोर बाल्कनी होती आणि दुपारचं ऊन थेट तोंडावर येत होतं. डोळे आपोआप बारीक झाले.

“थांब,” लेक म्हणाली. “हलू नकोस.”

तिचा चेहरा पालटला. तिने फोटो हलू न देता दादाला आपल्या जागी घेतलं आणि तो त्याच्या हातात दिला. दादाने चष्मा काढला, परत घातला, एक डोळा मिटला.

“अहो, मला पण,” वहिनी स्टुलावरून म्हणाली. दादाने दिला नाही. त्याने दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरलं.

“काय दिसतंय?” मी विचारलं. “दादा, कसे आहेत? सांग ना.”

तो बघत राहिला. खोलीत ज्यांना बघायचं होतं त्यांना ती दिसत होती, आणि जी बघायला आले होते ती मी भिंतीला पाठ लावून उभी होते. उन्हाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात वर केला असता तर ती गेली असती. म्हणून मी तशीच उभी राहिले.